बोला, आवाज येणार नाही

भाग्यश्रीला प्री-वेडिंग शूट नको होतं. कपाळाला कपाळ लावून उभ्या असलेल्या जोड्यांचे ते फोटो तिला बघवत नसत. मैत्रिणींचे मोबाईलवर आले की अंगठ्याचं चिन्ह टाकून ती पुढे सरकायची. पण नामपूरहून निरोप आला, की सोमनाथच्या, म्हणजे तिच्या होणाऱ्या नवऱ्याच्या, घरच्यांनी कोकणातलं कातळवेळ ठरवलंय, फोटोवाला सटाण्याचा आहे, दोन दिवस जायचंय. ती लगेच हो म्हणाली. तिच्या आईलासुद्धा नवल वाटलं.

कारण वेगळं होतं. साखरपुडा दिवाळीआधीच झाला होता, लग्न फेब्रुवारीत होतं, आणि मधल्या सगळ्या काळात तिला सोमनाथशी एकदाही धड बोलता आलं नव्हतं. फोन रोज यायचा. पण सकाळी तो कांद्याच्या लिलावात असायचा आणि मागे नुसता गलका चाललेला असायचा. संध्याकाळी घरी असायचा, पण घरी म्हणजे ओट्यावर, आबा म्हणजे त्याचे वडील, भाऊ आणि आल्यागेल्याच्या मधोमध बसलेला. जेवलीस का, कंपनीत काय विशेष, बरं ठेवू का, यापुढे बोलणं सरकायचंच नाही.

आणि तिला एकच गोष्ट विचारायची होती. लग्नानंतर राहायचं कुठे?

हे बघण्याच्या दिवशीच ठरलंय असं ती धरून चालली होती. भाग्यश्री नाशिकजवळच्या मखमलाबादची. तिचे वडील धोंडीराम गुलाब आणि भाजीपाला करायचे. ती डिप्लोमा करून नाशिकच्याच अंबडमधल्या एका कारखान्यात लागली होती, क्वालिटी विभागात. तयार पार्ट मोजून पास करायचा की परत पाठवायचा, हे तिच्या सहीवर चालायचं. सुरुवातीला तिला पोरगी म्हणून उडवून लावणारे सुपरवायझर आता माल अडला की स्वतः तिच्या टेबलापाशी येत. ही नोकरी सोडायची नाही, एवढं तिने घरी आधीच सांगून ठेवलं होतं. स्थळ आणणारे लहानूकाका सगळ्यांच्या देखत म्हणाले होते, की मुलगा नाशिकला स्वतःचं ऑफिस टाकणार आहे, फ्लॅट बघून ठेवलाय, मुलीच्या नोकरीला कसलाच धक्का नाही. मुलाकडच्या कुणी त्यावर नाही म्हटलं नाही. सोमनाथने तर मान हलवली होती. दिसायला साधा, हळू बोलणारा, चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसलेला मुलगा. तिला तो आवडला होता.

मग दिवाळीनंतर एकदा तिच्या होणाऱ्या सासूबाईंचा फोन आला. वरच्या मजल्यावरची तुमची खोली रंगवायला काढलीय, रंग कोणता सांगू, असं त्या विचारत होत्या. भाग्यश्रीने रंग सांगितला, पण फोन ठेवल्यापासून तिच्या मनात किडा वळवळायला लागला. नामपूरहून अंबडला रोज कामावर येणं शक्य नव्हतं. तिने सोमनाथला विचारलं, ती खोली सणावाराला आल्यावर राहायला का? तो म्हणाला, भेटल्यावर बोलू. पुन्हा विचारलं, तर पुन्हा तेच. म्हणून ती कातळवेळला निघाली होती. फोटो गेले खड्ड्यात, दोन दिवसांत दहा मिनिटं तरी माणूस सापडेल, एवढाच तिचा हिशेब होता.

निघायच्या दिवशी पहाटे अर्टिगा दाराशी आली, तेव्हाच तिच्या लक्षात आलं की हे सोपं नाही. गाडी सोमनाथचा थोरला भाऊ भारत चालवत होता. त्याच्या शेजारी सटाण्याचा फोटोवाला साई, मांडीवर कॅमेऱ्याची बॅग घेऊन. सोमनाथ सगळ्यात मागे, ड्रोनची पेटी, दिव्यांचे दांडे आणि भाड्याच्या कपड्यांच्या गाठोड्यांत रुतून बसलेला. मधल्या सीटवर भाग्यश्री आणि तिची उज्वलामामी. लग्नाआधी मुलीला एकटी पाठवायची नाही, म्हणून आईने आपल्या भावजयीला बरोबर दिलं होतं. मामी मनाने चांगली, पण तिचं तोंड कधी मिटायचं नाही आणि गाडी तिला अजिबात सोसायची नाही.

कसारा घाटात मामीला पहिली उलटी झाली. पनवेलपर्यंत ती लिंबू हुंगत भाग्यश्रीच्या खांद्यावर पडून होती. मागे वळून सोमनाथशी बोलावं म्हटलं तर मामीचं डोकं हलायचं आणि ती कण्हायची. पुढे भारतची गोष्ट सुरू होती. कांद्याची निर्यात, टोमॅटोचा चिखल, कुणाच्या लग्नात किती हजार पान उठलं, सगळं तो मोकळ्या आवाजात सांगत होता आणि साई हसत होता. माणूस दिलदार होता. चहाला थांबला की सगळ्यांना आग्रह करायचा, मामीसाठी दोनदा सोडा आणला. पण प्रत्येक थांब्याला तो धाकट्या भावाच्या खांद्यावर हात टाकून उभा राहायचा आणि तो हात काही निघायचा नाही.

कातळवेळला पोचेपर्यंत दुपार टळली होती. गाव कड्यांच्या पायथ्याशी वसलेलं. मागे काळा कातळ सरळ उभा, माथ्यावर तांबडी माती आणि वाळलेलं गवत. पुढे समुद्र. मधल्या चिंचोळ्या पट्टीत नारळाच्या बागा, कौलारू घरं आणि दर दुसऱ्या घरावर रिसॉर्टची पाटी. डिसेंबरचं ऊन असं पडलं होतं की वाळूकडे बघवत नव्हतं. सगळीकडे सुट्टीवर आलेली माणसं, टोप्या, रंगीत चष्मे, वाळूत घरघरणाऱ्या चारचाकी बाईक. एरवी ती तिथे नुसती उभी राहिली असती. पण साई घाई करत होता.

कड्याच्या टोकाला लाटांनी एक कमान कोरली होती. तिच्यातून मावळता सूर्य बरोबर मधोमध दिसतो, असं साईने मोबाईलवर बघून ठेवलं होतं. अडचण एवढीच होती की ते सगळ्यांनीच बघून ठेवलं होतं. हे तिथे पोचले तेव्हा तीन जोड्या आधीच रांगेत उभ्या होत्या, तीन फोटोवाले, आणि एका जोडीबरोबर तर अख्खं घरदार. पहिल्या जोडीच्या मुलीचा दुपट्टा वाऱ्यावर हवा तसा उडेना. तिसऱ्या जोडीचा फोटोसाठी आणलेला रंगीत धुराचा नळा पेटेना. भाग्यश्री मोरपंखी गाऊन घालून, त्याचं हातभर लोळणारं शेपूट काखेत गुंडाळून उभी होती. गाऊन कंबरेला सैल म्हणून मामीने मागून पिना टोचल्या होत्या, त्या श्वास घेतला की लागायच्या. सोमनाथ ब्लेझरमध्ये घामाने निथळत होता.

रांगेत ती त्याच्या शेजारी सरकली. इतक्यात मामी आली, तिने घाम टिपला आणि पावडर लावली. मामी गेली तर भारत शहाळी घेऊन आला. शहाळं संपलं तर सोमनाथचा फोन वाजला आणि तो बाजाराचं बोलत पाण्याच्या दिशेने चालत गेला. त्यांचा नंबर लागेपर्यंत सूर्य बुडाला होता. साईने तरी बरेच फोटो काढले. सगळे काळपट आले, असं त्यानेच मग सांगितलं.

मुक्काम सावित्रीबाई नावाच्या बाईंच्या घरी होता. त्यांनी मागच्या अंगणात पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या होत्या. एक खोली पुरुषांना, एक बायकांना. जेवायला पुरुषांची पंगत आधी बसली आणि मामी सुरमईचं कालवण कसं केलं ते विचारत सावित्रीबाईंच्या स्वयंपाकघरात रमली. भाग्यश्रीने अंगणातून सोमनाथकडे बघितलं. त्याने ताटात बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक नवीनच गोष्ट कळली. कडा पूर्वेला असल्यामुळे किनारा अर्धी सकाळ सावलीतच असायचा. समुद्र लांबवर चकाकत होता, पण वाळू राखाडी आणि थंड होती. साई हताश होऊन कड्याकडे बघत बसला. ऊन खाली उतरेपर्यंत काहीच करता येणार नव्हतं.

भाग्यश्रीला मात्र बरं वाटलं. मोकळी सकाळ मिळाली होती. तिने सोमनाथला मेसेज टाकला, की ती देवळापाशी समुद्राकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर बसलीय, एकट्याने या, पाच मिनिटं बोलायचंय. मेसेजवर निळ्या खुणा उमटल्या. ती पायरीवर बसून राहिली. काय बोलायचं ते तिने मनात जुळवलं होतं. रागावायचं नाही, सरळ विचारायचं. जे असेल ते सांगा म्हणायचं.

थोड्या वेळाने तो आला. हातात चहाचा थर्मास. मागून भारत आला, कप घेऊन. त्याच्या मागून साई. भारत म्हणाला, सोमनाथ सांगत होता तुम्ही पायऱ्यांवर बसलात, म्हटलं सगळेच चहा घेऊ, किती झकास जागा शोधली तुम्ही.

तिने चहा घेतला. साखर जास्त झाली होती. सोमनाथ लाटांकडे असा बघत राहिला की जणू त्यातून कुणी वर येणार आहे. मग भारतने टूम काढली की एवढा वेळ आहे तर होडीतून डॉल्फिन बघून येऊ. भाग्यश्री म्हणाली, तुम्ही या, आम्ही दोघं थांबतो. तिला वाटलं, इतकं स्पष्ट म्हटल्यावर तरी कळेल. भारत क्षणभर थांबला, त्याला कळलंही असावं. पण सोमनाथच उठला आणि म्हणाला, चला ना, सगळेच जाऊ.

होडीत मामीला पुन्हा उलटी झाली. डॉल्फिन दिसले नाहीत.

किनाऱ्यावर परत आल्यावर भाग्यश्री पुरती वैतागली होती. तिला स्वतःचाच राग येत होता. कंपनीत ती दुप्पट वयाच्या माणसाला तोंडावर सांगायची की माल परत न्या, मापात बसत नाही. आणि इथे एका वाक्यासाठी ती दोन दिवस लोकांच्या मागे फिरत होती. मामीजवळ बोलावं म्हणून तिने खोलीत विषय काढला. मामी आडवी पडली होती. डोळे न उघडता म्हणाली, अगं, लग्न झाल्यावर सगळं बोलता येतं, आत्ता त्याला कशाला घोर लावतेस. मग म्हणाली, माझ्या बॅगेत ओवा आहे तो दे.

ऊन उतरलं आणि साईला जोर चढला. आज कमानीचा नंबर त्याने सकाळीच लावून ठेवला होता. त्याआधी त्याला ड्रोनने एक लांब शॉट हवा होता. कड्याखालच्या वाळूत दोघंच चालताहेत, मोठा कडा, लहान माणसं, बाजूला लाटा. भारत आणि मामीला त्याने लांब, शहाळंवाल्याच्या छत्रीखाली बसवलं, म्हणजे ते चित्रात यायला नकोत. तो स्वतः रिमोट घेऊन एका खडकावर चढला आणि त्याने दोघांना समजावून सांगितलं.

"चालत या, त्या मोठ्या दगडापाशी थांबा, एकमेकांकडे बघा आणि बोला. काहीही बोला, आवाज येणार नाही, वरून गाणं टाकायचंय. फक्त ओठ हलले पाहिजेत आणि चेहऱ्यावर हसू पाहिजे."

सोमनाथने विचारलं, बोलायचं काय? साई म्हणाला, एक, दोन, तीन म्हणा, सगळे तेच म्हणतात.

ड्रोन वर गेला. त्याची घरघर आणि लाटांचा आवाज यात दुसरं काही ऐकू येईना. दोघं चालत दगडापाशी आले, थांबले, एकमेकांकडे वळले. सोमनाथ हसला आणि सांगितल्याप्रमाणे म्हणायला लागला, एक, दोन, तीन, चार.

भाग्यश्रीने त्याच्याकडे बघितलं. आजूबाजूला कुणी नव्हतं. कालपासून पहिल्यांदाच.

"लग्नानंतर राहायचं कुठे?" तिने विचारलं.

"पाच," तो म्हणाला. मग, "काय?"

"नाशिक का नामपूर?"

त्याने वर ड्रोनकडे बघितलं. लांबून साई हात हलवत होता, वर बघू नका म्हणून.

"आत्ता इथे कशाला," सोमनाथ हसतच म्हणाला. हसायला सांगितलं होतं म्हणून हसत होता.

"इथेच. इथे कुणाला ऐकू जात नाही."

तो काही बोलणार तेवढ्यात दोन मुलं बॉलच्या मागे चित्रात घुसली. साईने हातवारे करून शॉट थांबवला. दोघांना पुन्हा सुरुवातीपासून चालत यायला लावलं.  तिचा गाऊन ओल्या वाळूत घासत होता आणि दर पावलाला जड होत होता. सोमनाथ खाली बघत चालला होता. दगडापाशी आल्यावर त्याने मान वर केली, चेहऱ्यावर हसू आणलं आणि तिने न विचारता म्हणाला, "नामपूर."

"आणि फ्लॅट?"

"बघितला होता. घेतला नाही. आबा म्हणाले, दोन दोन चुली कशाला."

"कधी म्हणाले?"

 "साखरपुड्याच्या आधी."

तिच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं. ते कसं राहिलं ते तिलाही कळलं नाही, बहुधा गाल आखडले होते. खडकावरून साईने अंगठा वर केला. एक नंबर, तो ओरडत होता, एक नंबर वहिनी, अजून एकदाच, आता जरा जवळून.

तिसऱ्यांदा चालत येताना तिच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. मागच्या सीटवर तो मुद्दाम बसला होता. रांगेतला फोन, ताटात बघणं, सकाळचा थर्मास, होडी, सगळं. काल दिवसभर ती मामीवर चिडली होती, भारतवर चिडली होती, आणि हा माणूस दोघांच्या आड लपून बसला होता.

ती दगडापाशी थांबली. "भाऊंना बरोबर तुम्हीच आणलंत ना?"

सोमनाथने खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही. तेवढं एक त्याच्यात होतं. म्हणाला, "एकटा आलो असतो, तर तू विचारलं असतंस."

"मग?"

"मग मला सांगावं लागलं असतं."

भाग्यश्रीचं हसू गेलं. वरून ड्रोन खाली आला आणि साईची हाक आली, वहिनी, हसू गेलं, हसू. तिने गाऊनचं शेपूट दोन्ही हातांनी उचललं, काखेत मारलं आणि ती छत्रीकडे चालायला लागली. सोमनाथ मागून येत होता. थांब ना, ऐक ना, असं म्हणत होता. हे ऐक ना तिला साखरपुड्यापासून हवं होतं.

भारत आणि मामी शहाळ्याची मलई खात होते. भाग्यश्री समोर उभी राहिली आणि तिने भारतला विचारलं, की लग्नानंतर आम्ही नाशिकला राहणार नाही हे तुम्हाला माहीत होतं का. भारतने चमचा खाली ठेवला. त्याला खरंच आश्चर्य वाटलेलं दिसलं. नाशिकचं तुम्हाला कोण बोललं, त्याने विचारलं. लहानूकाकांचं नाव ऐकल्यावर तो हसला. म्हणाला, लग्न जमवणारा माणूस काहीही बोलतो, ते कुणी धरून बसतं का. मग त्याने शांतपणे, मोठ्या माणसाने समजूत काढावी तसं सांगितलं.

"हे बघा, आमच्या घरात आजवर कुणी वेगळं राहिलेलं नाही. माझी बायको बीएड आहे. चांगली मास्तरीण होती. आज घर सांभाळते. काय बिघडलं तिचं?"

काय बिघडलं ते भारतच्या बायकोला विचारायला हवं होतं, पण ती तिथे नव्हती. भाग्यश्री सोमनाथकडे वळली. त्या दिवशी सगळ्यांसमोर मान तुम्ही हलवली होती, आता सगळ्यांसमोर सांगा, असं ती म्हणाली. सोमनाथ भावाशी अहिराणीत काहीतरी पुटपुटला. त्यातलं 'शे' आणि 'नही', म्हणजे आहे आणि नाही, एवढंच तिला ऐकू आलं. भारतने त्याला गप्प केलं. सोमनाथ बुटाच्या टोकाने वाळू उकरत राहिला आणि मग तिला म्हणाला, की वर्षभर राहून तर बघ, सगळे चांगले आहेत घरात, तुला आवडेल.

"आवडेल की नाही, ते नंतर," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही सांगितलं नाहीत. माझ्यासाठी हे इथेच थांबलं."

शूटही तिथेच थांबलं. साई धावत आला. त्याला काय झालं ते ठाऊक नव्हतं. तो कमानीच्या नंबराचं सांगत होता, आज ऊन कसं सोन्यासारखं पडेल ते सांगत होता.  भारत म्हणाला, रागात काही ठरवायचं नसतं, घरी गेल्यावर मोठी माणसं बोलतील. मामी चक्क गप्प होती.

खरा वैताग पुढे होता. त्या गावातून नाशिकला यायला सरळ गाडी नव्हती. तालुक्याची एसटी सकाळचीच. दुखऱ्या पोटाच्या मामीला घेऊन तीन गाड्या बदलत जाणं शक्य नव्हतं. म्हणजे ज्यांच्याशी संबंध तोडायचा विचार चालला होता, त्यांच्याच गाडीत बसून घाट चढायचा होता. ती बसली.  साईने गाणी लावली, मग त्यालाच ती बरी वाटेनात, त्याने बंद केली. माणगावच्या पुढे भारतने गाडी थांबवून सगळ्यांसाठी वडापाव आणला, भाग्यश्रीपुढे स्वतः धरला आणि म्हणाला, उपाशी राहू नका. तिला नाही म्हणता आलं नाही. याचाही तिला राग आला.

घरी वेगळंच ऐकावं लागलं. आई रडली. वडील म्हणाले, एवढी गोष्ट होती तर फोनवर विचारायची, तिथे समुद्रावर लोकांसमोर तमाशा करायची काय गरज होती. फोनवर विचारलं होतं, दोनदा विचारलं होतं, हे ती सांगत राहिली आणि ते पत्रिका छापायला गेल्याचं सांगत राहिले. शेवटी सोफ्यावर चादर गुंडाळून पडलेली मामी उठून बसली.

"भावजी, मी होते तिथे," ती म्हणाली. "पोरीने आवाज चढवला नाही. त्यांनी ठरवून लपवलं होतं, त्यांच्याच तोंडून मी ऐकलं. मीच तिला गप्प बस म्हणत होते, ते माझं चुकलं."

मामी असं काही म्हणेल हे भाग्यश्रीच्या ध्यानीमनी नव्हतं.  धोंडीराम उठून गुलाबाच्या प्लॉटकडे निघून गेले.

दोन दिवसांनी सोमनाथचा फोन आला. मागे गलका नव्हता, कुणाचा आवाज नव्हता. शेतात एकटाच उभा असल्याचं तो म्हणाला. बराच वेळ बोलला. लहानपणापासून आबांपुढे तोंड उघडायची सवय नाही, भाऊ बोलतो आणि तो ऐकतो, ती आवडली होती आणि खरं सांगितलं तर ती नाही म्हणेल याची भीती होती. हे सगळं खरं वाटत होतं. त्यामुळेच तिला जास्त त्रास झाला. साखरपुड्यानंतर तो असा एकदा बोलला असता, तर कदाचित काही वाट निघाली असती. तिने ऐकून घेतलं आणि सांगितलं, "हे मला नका सांगू, आबांना सांगा. आणि मग माझ्या वडिलांना येऊन सांगा." तो हो म्हणाला. या रविवारी बोलतो म्हणाला.

रविवार गेला. तिने त्या दिवशी फोन उशाशी घेऊन झोपायचंही टाळलं, पण कान तिकडेच होते. पुढच्या आठवड्यात फोन आला तो लहानूकाकांचा, वडिलांना. नामपूरकरांनी विषय सोडून दिला होता. कारण असं सांगितलं होतं, की मुलगी फटकळ आहे, लग्नाआधीच दिराला जाब विचारते, अशी मुलगी घरात नको.

धोंडीराम ओट्यावर फुलांच्या जुड्या बांधत बसले होते. फोन खांदा आणि कानाच्या मध्ये धरून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. भाग्यश्री दारात उभी होती. आपलं पुन्हा काहीतरी चुकलं असं ऐकायची तिने तयारी ठेवली होती.

"लहानूभाऊ," ते म्हणाले, "फ्लॅटचं तुम्ही बोललात. खरं खोटं मी बघायला पाहिजे होतं, मी नाही बघितलं. ते काम पोरीने केलं. आता तिला फटकळ म्हणायला मला परत फोन करू नका."

त्यांनी फोन ठेवला आणि पुन्हा जुडी हातात घेतली. रागावलेलेच होते, पण कुणावर ते आता तिला नीट कळत नव्हतं. मान वर न करता म्हणाले, हॉलवाल्याला आणि बँडवाल्याला तूच कळव, मला ते बोलायला जमणार नाही.

तिने हॉलवाल्याला फोन लावला. पलीकडच्या माणसाने तिला बराच वेळ थांबवून ठेवलं, मग नाव विचारलं, मग नवरदेवाचं नाव विचारलं, आणि ते तिला पुन्हा एकदा सांगावं लागलं. तारीख पुढे घ्यायची आहे का, त्याने विचारलं. फेब्रुवारी तर भरला आहे, पण एप्रिलमध्ये बघता येईल. भाग्यश्री म्हणाली, नाही, पुढे नाही घ्यायची, रद्दच करा. तो म्हणाला, मग वडिलांना बोलायला सांगा, असं मुलीच्या सांगण्यावरून आम्ही रद्द करत नाही.

"मुलीच्याच सांगण्यावरून झालंय हे," ती म्हणाली. "लिहून घ्या."

 मग त्याने रजिस्टर शोधायला तिला पुन्हा थांबवून ठेवलं.